कपाटातला रिपोर्ट

मी कचेरीत कारकून होतो. कागद दाबून ठेवणं म्हणजे माझ्या हातचा मळ. पण एक कागद मी घरातच दाबला आणि त्याची लाज अजून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बायकोचे पाठोपाठ तीन गर्भ पडले. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता नवऱ्याचं रक्त मुंबईला पाठवू. मी भडकलोच. मला काय धाड भरलीय? महिन्याने रिपोर्ट आला. माझ्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली होती. मला स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता; पण शुक्रजंतू तयार होताना वाटणी चुकत होती. काहींत बरोबर, काहींत कमीजास्त.

"मग चांगले तेवढे निवडून घ्या ना," मी म्हणालो. आमचा फुलांचा मळा. खराब फूल बाजूला काढायची सवय.

बाई हसल्या नाहीत. "निवडायचं तर आत बघावं लागतं, आणि आत बघितलं की तो शुक्रजंतू कामातून जातो. त्याचं मूल होत नाही." मग म्हणाल्या, "हे वडिलांकडून किंवा आईकडून आलेलं असू शकतं. धाकट्या भावाचं लग्न व्हायच्या आत त्याचंही रक्त तपासून घ्या."

रिक्षात बायको एवढंच बोलली, "भाऊजींना आजच सांगा." मी हो म्हणालो.

त्याच आठवड्यात भावासाठी पिंपळगावचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांचा एकच आग्रह होता. पत्रिका नीट बघा, एकनाड नको, एकनाड असली की मुलं जगत नाहीत. दोन्ही पत्रिका घेऊन गुरुजींकडे मीच गेलो. नाड्या वेगळ्या निघाल्या. "संततीची काळजी नको," गुरुजी म्हणाले, आणि मी तोच निरोप मुलीकडच्यांना दिला. रिपोर्ट मी कपाटात ठेवून दिला; भावाला सांगितलं तर त्याचं लग्न मोडेल, असं मी बायकोला म्हणालो. खरं म्हणजे माझं बिंग फुटेल, याचीच मला भीती होती.

भावजयीचे दोन गर्भ गेले. आईने तिला वणीला नेऊन देवीची ओटी भरली. तिसऱ्या वेळी मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा. टाळू फाटलेला, हृदयाला छिद्र. अकरा दिवस जगला.

बाराव्या दिवशी आई शेजारणीला म्हणाली, "दोन्ही सुना अशाच पदरी पडल्या माझ्या. आमच्या रक्तात असलं कायबी नाय." भावजय तिथेच बसली होती. तिला अजून दूध येत होतं.

मी उठून कपाट उघडलं आणि सगळ्यांसमोर रिपोर्ट वाचला, मराठीत समजावून सांगितला. आईला कळायला वेळ लागला. भावाला लगेच कळलं. तो चपला न घालता मळ्यात निघून गेला. पुढे त्याचं रक्त तपासलं, तेही तसंच निघालं.

भावजयीने कागद हातात घेतला. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण वरची तारीख तिने वाचली.

"हे माझ्या लग्नाच्या आधीचं हाय ना, दादा?"

"हो."

"मंग अकरा दिवस मी त्या लेकराची माफी मागत व्हते, ती कशाची?"