घरासोबत एक आई

परदेशात पैसे कसे वाचवावेत, या विषयावर मी तोंड उघडलं की चंदीगडमधली मराठी मंडळी हळूच चपला शोधायला लागतात. एका गणपतीत मी यावर इतका वेळ बोललो, की आरतीला आलेले लोक थेट विसर्जन आटोपूनच घरी गेले. पण माझा इलाज नाही. या विषयातला माझ्याएवढा अनुभवी माणूस अख्ख्या पंजाब-हरियाणात सापडायचा नाही. सिंगापूरला मी पाच दिवस दुकानांत चव बघायला ठेवलेल्या तुकड्यांवर काढलेत. बायको म्हणते, एक दुपार. ती इथल्या वैद्यकीय संस्थेत संशोधक आहे, त्यामुळे बिचारीकडे कल्पनाशक्ती नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे आमची हॉलंडची सहल. दोन आठवडे राहिलो आणि राहण्याचा खर्च शून्य. कुणाच्या घरी उपऱ्यासारखे पडलो नाही, की धर्मशाळा शोधली नाही. इंटरनेटवर घरांची अदलाबदल करून देणारी एक वेबसाइट आहे. तुम्ही आमच्या घरात राहा, आम्ही तुमच्या घरात राहतो, मध्ये पैशाचा प्रश्न नाही. मला हे वाचून असं वाटलं की ही वेबसाइट कुणीतरी मला डोळ्यांसमोर ठेवूनच काढली असावी.

आता जून महिन्यात चंदीगडला यायला कोण तयार होणार? पण आमचं भाड्याचं घर शहर वसलं तेव्हाचं आहे. साध्या विटांचं, ठेंगणं, आणि पुढच्या व्हरांड्याला विटांचीच जाळी. त्या जाळीतून वारा कमी आणि राजस्थान जास्त आत येतं. रोज सकाळी माझ्या टेबलावरच्या धुळीत बोटानं बेरीज-वजाबाकी करता येते. म्हणून मी जाळीला लागून पुस्तकांची कपाटं उभी केली होती आणि तिथेच माझी अभ्यासिका थाटली होती. तरी जाळीचा बाहेरून एक फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी युरोपातले निम्मे आर्किटेक्ट माझ्या पाया पडत होते! त्यांतलं एक निवृत्त डच जोडपं मी निवडलं. दोघंही आर्किटेक्ट. अशा जाळीमागे झोपावं हे म्हणे त्यांचं जन्माचं स्वप्न होतं. हवा कशी असते, असं त्यांनी विचारलं. मी कळवलं, ‘उबदार.’

सगळं जमलं आणि मग घोडं अडलं ते आईपाशी.

आई सांगलीला एकटी राहायची. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात पडली आणि दूधवाल्यानं हाका मारून मारून दार उचकटेपर्यंत तशीच पडून होती. मी गेलो आणि तिला इकडे घेऊन आलो. तेव्हापासून ती मागच्या खोलीत बसून एकच वाक्य म्हणत होती, “मला सांगलीला सोड.” इथं तिला बोलायला कुणी नाही. आम्ही दोघं सकाळी जातो ते संध्याकाळी येतो. वरच्या मजल्यावर आमच्या मालकीणबाई राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळा सेक्टर त्यांना आंटीजी म्हणतो. पण त्यांचं आणि आईचं दोन वर्षांत ‘नमस्ते’च्या पलीकडे गेलं नव्हतं. त्यांची हिंदी पंजाबी वळणाची, आईची सांगलीच्या. दोघींना वाटायचं, समोरची आपल्यावर रागावलीय.

मी जरा गोड आवाजात विचारलं, “आम्ही तिकडे जाऊ तेव्हा पंधरा दिवस तुला सांगलीला सोडू का?”

“सोड की. पण परत न्यायला येऊ नकोस.”

ती हे भांडून म्हणाली नाही, साधं म्हणाली. ती एकदा त्या घरात शिरली, की मी तिथं जाऊन दारासमोर उपोषणाला बसलो तरी बाहेर येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आणि ते न्हाणीघर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

“मग आमच्याबरोबर चल.”

“पासपोर्ट कुठाय माझा? आणि थंडीत जाऊन करू काय? ते गोरे येऊ देत की. मी बसते हितंच. त्यांनी बाहेरची खोली घ्यावी, मी मागची.” मग तिनं बोट वर केलं. “पण तुम्ही परत आलात, की दुसऱ्या दिवशी माझं तिकीट काढायचं. जायचं फक्त. कबूल?”

पुढाऱ्यांनी पुलाबद्दल बोलावं तशा आवाजात मी “कबूल” म्हणालो.

डच जोडप्याला मी कळवलं, की घरात दोन खोल्या, विटांची जाळी, कूलर आणि एक आई आहे. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं, की उत्तम, आईंना काही पथ्य आहे का?

बायको म्हणाली, “आपण आईंना फर्निचरसकट भाड्यानं देतोय.”

“भाडं कुठं घेतोय?”

“तेच तर. फुकट देतोय.”

आंटीजींच्या कानावर घालायला वर गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “प्रोफेसर साब, मकान बदल रहे हो या माताजी?” मग स्वतःच हसल्या. “जाओ जी, जाओ. मैं हूँ ना ऊपर.”

विमान दिल्लीहून होतं. दिल्लीपर्यंत अर्थातच बस. पाहुणे दिल्लीहून इकडे बसनं येणार होते, म्हणून किल्ल्यांची अदलाबदल सेक्टर ४३च्या बसस्टँडवरच ठरली. ऐन दुपारी बसमधून ते दोघं उतरले. उतरले म्हणजे काय, उतरतच राहिले! आधी पाय आले, मग बराच वेळ नुसतेच पाय, शेवटी डोकी. दोघं लालबुंद झाले होते. त्या बाईंनी आकाशाकडे बघून घाम पुसला आणि मला एकच शब्द म्हणाल्या, “उबदार?” मी त्यांच्या हातात किल्ली दिली आणि आमच्या बसकडे अक्षरशः पळालो.

हॉलंडमध्ये आमची चंगळ होती. म्हणजे माझी. घर कालव्याकाठी, देखणं. जिना मात्र इतका उभा, की वर जाताना आपलं नाक पुढच्या पायरीला टेकायचं आणि उतरताना बायको मागच्या जन्मातली पापं मोठ्यानं आठवायची. पाणी नळाचं, ते फुकट. सायकली घरच्याच, त्या फुकट. दोन्ही सायकली त्या जोडप्याच्या मापाच्या होत्या, त्यामुळे आम्ही त्यांवर बसत नव्हतो, त्यांच्याबरोबर चालायचो. लोकांना वाटायचं, आम्ही सायकली फिरायला नेतोय. संग्रहालयं बाहेरून पाहिली. बायको म्हणाली, “चित्रं आतमध्ये असतात.” मी म्हणालो, “इमारतसुद्धा कलाच आहे.” त्यावर ती एकटी तिकीट काढून आत गेली आणि मुद्दाम संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

तरी माझं लक्ष तिथं नव्हतं. रोज सकाळी व्हिडिओ कॉल लावायचा आणि आईचं मन वळवायचं, असा माझा बेत होता. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “आले बाबा ते. पंख्याला डोकं लागतं त्यांचं. मी पंखा बंद करून ठेवलाय.”

“आणि तुझं बरं आहे ना? आम्ही आलो की बघू आपण…”

“तिकीट. विसरू नको.”

दुसऱ्या दिवशी कॉल उशिरा उचलला गेला. पडद्यावर आंटीजींचा कान दिसत होता. घडलं होतं असं, की पाहुणे आईशी इंग्रजी बोलत होते आणि आई त्यांच्याशी मराठी. तासाभरानं आईनं जिन्याखाली उभं राहून वर हाक मारली, “ओ बाई, जरा खाली या की!” आंटीजी उतरल्या, त्यांनी इंग्रजीचं हिंदी केलं, आईनं हिंदीचं आपल्याला हवं ते केलं, आणि मंडळी जेवायला बसली. त्या दिवसापासून आंटीजी सकाळी खाली यायच्या त्या झोपायलाच वर जायच्या.

“आज काय केलंस?” मी विचारायचो.

“ते विधानसभा-हायकोर्टाचं कॅपिटल कॉम्प्लेक्स, तिथं गेलो होतो.”

मी ताडकन उठून बसलो. दोन वर्षांत ही बाई आमच्या फाटकाबाहेर पडली नव्हती! “एवढ्या उन्हात?”

“मग? ती दोघं तशीच निघाली होती, बोडक्यानं. मी म्हटलं, ऊन लागेल. खिशात एकेक कांदा घातला. तिथल्या शिपायानं तपासलं. म्हणाला, ये क्या है जी? साहेब म्हणाले, मदर. शिपायानं मला सलाम केला.”

“आणि ती इमारत कशी वाटली?”

“मोठी आहे. झाडायला किती बायका लागत असतील, ते मी विचारलं. साहेब वहीत लिहून घेत होते.”

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माझे कॉल आखूड होऊ लागले. “आत्ता नको, कुरड्या वाळत घातल्यात.” “सुखना तलावावर निघालोय, नंतर कर.” एकदा त्या डच बाईंनीच फोन उचलला आणि मला स्वच्छ सांगलीच्या सुरात म्हणाल्या, “बस की!” मी हॉलंडमध्ये उभ्याचा बसलो. आईला भेटायला आता ओळख लागेल, अशी परिस्थिती आली होती.

मी बायकोला म्हणालो, “ती रमलीय. आता जायचं नाव काढणार नाही.”

“पाहुण्यांत रमल्यात. ते गेले की आहेच मागची खोली,” बायको म्हणाली. तिचं हे असं असतं. माझी रात्र त्या उभ्या जिन्यावर टांगल्यासारखी गेली.

परत आलो तेव्हा पाहुणे सकाळीच निघून गेले होते. फाटक उघडलं आणि मी घर चुकलो की काय असं वाटलं. जाळीमागची माझी कपाटं गायब. टेबल गायब. जाळीतून उन्हाचे चौकोन आत पडले होते आणि त्या चौकोनांत आईची खाट, आईची खुर्ची, आणि आंटीजी. दोघी मिळून कैऱ्या फोडत होत्या. बाहेरून जाणारा भाजीवाला जाळीत तोंड घालून म्हणाला, “माताजी, भिंडी?” आई आतूनच म्हणाली, “कालची नाही ना?” मराठीत. तो म्हणाला, “ना जी, ताज़ी.” व्यवहार पूर्ण.

“माझी अभ्यासिका कुठंय?” मी विचारलं.

“मागच्या खोलीत. साहेबांनी ओढून नेली.” आईनं विळीवरून मान वर केली नाही. “आंटीजी खाली आल्या त्याच दिवशी साहेबांनी विचारलं, तुम्ही घरात कुठं बसता? म्हटलं, बसते कुठंतरी. म्हणाले, दाखवा. दाखवायला उठले, तर दाखवायला जागाच नाही. मग त्यांनी कपाटं हलवली. तुझी पुस्तकं आता अंधारात आहेत, पण त्यांना कुठं बाहेर बघायचंय?”

मी वाद न घालता खाली बसलो आणि कैऱ्या पुसायला घेतल्या. असं आयुष्यात फार वेळा होत नाही, म्हणून बायको माझ्याकडे कौतुकानं बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “तिकिटाचं बोलायचंय.”

मी तयारच होतो. दिवाळीपर्यंत एकाही गाडीत जागा नाही, सांगली स्टेशनची दुरुस्ती चाललीय, रूळ उखडून ठेवलेत, सगळं एका दमात सांगून टाकलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

“काढू नको म्हणायला आलेय. ऐकून तर घे.”

मी रूळ तिथंच सोडून दिले.

“ते घर हल्ली कुलपात पडलंय. त्या तुझ्या वेबसाइटवर लाव ते. कुणाला सांगलीला राहायचं असेल तर राहू दे. बदल्यात आम्हाला त्यांचं दे.”

“आम्हाला म्हणजे?”

“मी आणि आंटीजी. त्यांना समुद्र बघायचाय.”

वरून जिन्यातून आवाज आला, “समंदर, प्रोफेसर साब! पक्का!”

पासपोर्टचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. घराची जाहिरात मी लिहायला घेतली तेव्हा आई शेजारी बसली होती. मी लिहिलं, ‘नदीकाठचं निवांत घर.’

“पूर येतो ते लिही.”

“आई, पूर लिहिला तर कोण येईल?”

“ज्याला यायचं तो येईल. खोटं सांगून माणसं बोलवायची नाहीत. त्या बाई मला म्हणाल्या, तुमच्या मुलानं आम्हाला उबदार कळवलं होतं. मला मान खाली घालावी लागली.” मग म्हणाली, “न्हाणीघरही लिही. निसरडं आहे, जपून वावरा म्हणावं.”

मी ते सगळं लिहिलं. माझ्या हातून इतकं खरं कधी लिहिलं गेलं नव्हतं, बोटं आखडली. आणि इतकं असूनही लोक विचारू लागले! आता रविवारी सकाळी जाळीमागे दोघींची बैठक भरते. मी लॅपटॉप धरून उभं राहायचं, फोटो मोठे करून दाखवायचे आणि नकार इंग्रजीत कळवायचे. बेल्जियमवाल्यांना ‘भिंती ओल्या दिसतात’ म्हणून परत पाठवलं. आंटीजींनी एका स्पॅनिश गृहस्थाला फक्त त्याच्या मिशीवरून नापास केलं.

पोर्तुगालमधल्या एका बाईंचं घर मात्र दोघींना आवडलंय. समोर समुद्र, मागे लिंबाचं झाड. आईनं स्वयंपाकघराचा फोटो बराच वेळ निरखला.

“ओट्यावर उजेड नाही. भिंतीत एक खिडकी पाडून घ्या म्हणावं, मग बोलू.”

मी हे कसंबसं सभ्य इंग्रजीत बसवून पाठवलं आणि मनातल्या मनात पोर्तुगालवर पाणी सोडलं. काल त्या बाईंचं उत्तर आलं. गवंडी सोमवारी येतोय, आणि खिडकी केवढी हवी असं विचारलंय.