अळणी

मी नवी सून होते तेव्हा मामंजी जबलपूरच्या कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसले होते. साहेबाचे हुकूम आयुष्यभर ऐकले, आता स्वतः घरावर हुकूम सोडून राहिले होते. "चहा अजून आला काहून नाही?" वरून रात्रीची झोप नाही. सासूबाईंच्या डोक्याला नुसता ताप.

त्यांनी सदर बाजारातल्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं झोपेसाठी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं, बाटलीवर डोस मोजायला खाचा पाडलेली कागदाची पट्टी. पायाला सूज दिसली म्हणून जाता जाता म्हणाला, "नमक एकदम बंद."

घर शांत झालं. सासूबाई नवस फिटल्यासारख्या हिंडत होत्या. पण हळूहळू मामंजींची जीभ जड पडली, चालताना तोल जायला लागला, मला ते आपली मेलेली बहीण समजायचे. डॉक्टर पुन्हा आला अन् हसला. "बुढ़ापा है माँजी, सठिया गए हैं." डोस वाढवून गेला. मेल्यानं स्वतःच्याच बाटलीकडे पाहिलं नाही!

मामंजी मिठासाठी तडफडायचे. एकदा लोणच्याच्या बरणीत बोटं बुडवून चाटताना सापडले. सासूबाईंनी हातावर पळी हाणली. "लाज नाही वाटत या वयात?" आधी याच माणसापुढं त्यांचा आवाज निघत नव्हता. कोठीला कुलूप लागलं. मी यांच्याजवळ बोलले, तर म्हणे, "आईला समजतं."

तो डॉक्टर रजेवर गेला, म्हणून दुसरा आला. नागपूरकडचा, तापट. त्यानं औषध विचारलं, जेवण विचारलं अन् कडाडला, "मीठ तोडलं की हे औषध अंगातून निघत नाही, साचतं! म्हाताऱ्याला जहर देऊन राहिले तुम्ही!" औषध बंद झालं, मीठ सुरू झालं.

मामंजी माणसात आले. मला "सूनबाई" म्हणाले तेव्हा मी रडले. मग एक दिवस आमटी पातळ म्हणून त्यांनी ताट भिरकावलं. सासूबाईंनी मुकाट्यानं सांडलेलं पुसलं.

सदरचा डॉक्टर रजेवरून परतला, त्याच आठवड्यात फडताळात नवी बाटली आली. दुपारी मामंजींनी पहिला घास घेतला अन् थांबले.

"अळणी आहे," ते म्हणाले.

"तुमच्या पायाला सूज आहे ना," सासूबाई म्हणाल्या. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

मामंजींनी धोतर वर करून पाय पुढे केले. सूज कुठंच नव्हती. सासूबाईंनी पायांकडे पाहिलं, अन् आणखी भात वाढला.