केतकी नक्की कसली डॉक्टर?

गेल्या रविवारी इथे परदेशात, शॉमबर्गला माझ्या मैत्रिणीकडे, मेधाकडे हळदीकुंकू होतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, दारात स्नो बूट्सचा ढीग आणि आत पैठण्या... आणि या खेपेला माझी लेक केतकी चक्क माझ्याबरोबर आली होती.

आधी एक कबुली देते. केतकी सायकिअ‍ॅट्रिस्ट आहे. लैंगिक गुन्हे केलेल्या माणसांवर ती उपचार करते. त्यांच्याशी बोलणं, समुपदेशन हे तर असतंच, पण काहींना ती शरीरातलं टेस्टोस्टेरॉन कमी करणारं औषध देते. त्यानं डोक्यात सतत उसळणारी वासना खाली येते आणि माणसाला स्वतःला आवरणं जमू लागतं.

मी मात्र दोन वर्षं सगळ्यांना "आमची केतकी हॉर्मोन्सची डॉक्टर" एवढंच सांगत आले. अगदीच खोटं नाही ना! काय करणार, मी कॉन्व्हेंटमधली... आमच्या सिस्टरनी बायॉलॉजीच्या पुस्तकातला 'तो' धडा स्टेपल करून टाकला होता. सिस्टरवर माझं आजही प्रेम आहे, पण चारचौघींत तसला विषय काढायचा म्हटलं की माझी जीभ अडते ती अडतेच.

केतकीला हे कळलं तेव्हा ती भांडली नाही. फक्त कामाबद्दल बोलायची थांबली. "कसा गेला गं दिवस?" "फाइन, आई." दोन वर्षं नुसतं फाइन... भांडण परवडलं असतं.

तर मेधाकडे हातावर तिळगूळ पडतो न पडतो तोच नीलानं पर्समधून थायरॉइडचे रिपोर्ट काढले. इथले आणि इंडियातलेही. तिच्यामागे शुभदा, सुनेच्या तब्येतीच्या तक्रारी घेऊन. बघता बघता सोफ्यापाशी रांगच लागली.

"सॉरी मावशी, I don't do thyroid," केतकी म्हणाली.

"अगं, पण तुझी आई तर म्हणते..."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहानपणी गॅदरिंगच्या स्टेजवरून गर्दीत माझा चेहरा शोधायची ना, तसं.

आणि मी बोलले. कानशिलं तापली होती, पण सगळं सांगितलं. कुणावर उपचार करते, औषध कसलं, कशासाठी. दोन वर्षं मी लपवत होते, हेही. चहाचे कप हवेतच राहिले.

"असल्यांना औषधं कसली देता गं? ठेचायला हवं!" नीला उसळली.

"मावशी, शिक्षा कोर्ट देतं," केतकी शांतपणे म्हणाली. "बरेचजण शिक्षा संपली की बाहेर येतात. ते बाहेर येतील तेव्हा कसे यायला हवेत?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून मेधाच्या सासूबाई, पंच्याऐंशीच्या माई, बोलल्या. "गोळी देतेस की इंजेक्शन?"

"दोन्ही असतं, आजी. पण प्रत्येकाला लागत नाही, आणि नुसतं औषध पुरतही नाही. हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून तपासण्या चालू ठेवतो."

"आमच्या वेळी मिळालं असतं, तर गल्लीतल्या एका मास्तरांना मीच टोचलं असतं."

सगळ्या खळखळून हसल्या... आणि मग एकेक करून थांबल्या. माई हसत नव्हत्या.

त्या काठी टेकत उठल्या. मेधाच्या हातातली हळदकुंकवाची करंडी घेतली आणि केतकीसमोर उभ्या राहिल्या.

"आजी, I'm not married."

"कुणी विचारलंय?" म्हणत माईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि तिच्या ओढणीत ओटी भरली. "ज्या पोरींना तू कधी बघणारही नाहीस, त्यांना राखतेस गं बाई."

केतकीचे डोळे भरले. माझं तर विचारूच नका. नीला नाक पुसत म्हणाली, "ते सगळं ठीक... पण एकदा थायरॉइडचं बघच ना!" आणि मग जो काही हशा उसळला!

घरी निघालो, गाडी मी चालवत होते. मग मी म्हटलं, "कसं चाललंय गं तुझं काम?" आणि केतकी बोलायला लागली. नाव-गाव न सांगता, एका माणसाबद्दल. हे औषध त्यानं आपणहून मागितलं, आणि काही महिन्यांनी येऊन म्हणाला, डोक्यातला गोंगाट थांबला, आयुष्यात पहिल्यांदा शांतपणे पुस्तक वाचून संपवलं. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता... तिला ही नोकरी लागल्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता.

दोन वर्षं मी तिच्या कामाला लाजत होते आणि शिक्षा मात्र आम्हा दोघींना होत होती. माईंचे पाय धरायला पुन्हा जाणारच आहे.

बोलता बोलता हायवेवरून घराकडे वळायची आमची एक्झिट आली. पाटी मला स्वच्छ दिसत होती. केतकी अजून सांगतच होती... मी गाडी सरळ पुढे नेली.