हिराचा व्हीडीआरएल रिपोर्ट

“तू बाहेर बस गं जरा. मला तुझ्या नवऱ्याशी बोलायचंय.”

हिरा निमूटपणे केबिनबाहेर गेली. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोराईच्या कोळीवाड्यातून होडीने खाडी ओलांडून ती बोरिवलीला माझ्या मॅटर्निटी होममध्ये यायची. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली. आता चौथा महिना, आणि व्हीडीआरएल पॉझिटिव्ह. ही गरमी या गुप्तरोगाची तपासणी. गरोदर बायकांची आम्ही सरसकट करायचो.

“बाहेर कुठे जातोस?” मी तिच्या नवऱ्याला, धर्माला विचारलं.

“दर्यावर जातो, बाई.”

“ते नाही. बायकांकडे?”

त्याची मान खाली गेली. “तसलं काय नाय, बाई. आईची शपथ.”

“सगळे असंच सांगतात.”

हे माझं वाक्य. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

दोघांना पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. धर्माने मुकाट्याने घेतली, ती मी कबुलीच समजले. खात्रीची दुसरी तपासणी मोठ्या हॉस्पिटलात होत असे. मला गरज वाटली नाही. हिराच्या गालांवर लाल चट्टे होते, बोटांचे सांधे दुखत. मी म्हटलं, ऊन आणि मासळीची पाटी. रोगाचं नाव तिला मीच सांगितलं. त्याच आठवड्यात ती मढला माहेरी निघून गेली. तपासणीला मात्र तिथूनही माझ्याकडेच यायची.

सातव्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले. बाळ फारच लहान. वार एवढीशी, जागोजागी पांढरी, कडक. गरमीत वार उलट मोठी, जड असते. तेव्हा कुठे मला माझ्या निदानाची शंका आली. हिराला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या सरांचा फोन आला.

“खात्रीची टेस्ट केली होतीस?”

“नाही, सर.”

“निगेटिव्ह आहे. हिला लूपस आहे.”

लूपसमध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते. हिराच्या रक्तातल्या अँटीबॉडीजमुळे वारेच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत आणि बाळाला रक्त पोचत नसे. त्याच अँटीबॉडीज व्हीडीआरएलही खोटीच पॉझिटिव्ह करतात. वेळीच ओळखलं असतं तर औषधं देऊन पाहिली असती. मूल वाचलंच असतं असं नाही. पण निदान घर तरी मोडलं नसतं.

मी गोराईला गेले. धर्मा जाळं शिवत बसला होता.

“चूक माझी. तुला रोग नव्हताच.”

“मला म्हाईत होतं, बाई. तिला सांगा.”

तशीच मढला गेले. हिराने सगळं ऐकून घेतलं.

“त्यानं माझ्यासमोर पण शपथ घेतली होती,” ती म्हणाली. “मी तुमचं ऐकलं.”

पुढे ती नांदायला परत गेल्याचं कळलं. माझ्याकडे मात्र पुन्हा आली नाही.

तेव्हापासून रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मी आधी दुसरी तपासणी करते. नवऱ्याला केबिनमध्ये नंतर बोलावते.