वाघमाशाचा पिवळा

भिंगरीला एका जागी बसवणं त्याच्या आईलाही जमलं नव्हतं. बायको तर फार नंतर आली. त्याचं खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं. रंगाच्या दुकानात तो छटा जुळवायचा. गिऱ्हाइकाने भिंतीचा खपला आणावा, भिंगरीने तो उजेडात धरावा आणि डब्यात कुठला रंग किती थेंब टाकायचा ते सांगावं. दुकानात मशीन आलं, तरी मालक शेवटी त्यालाच विचारायचा. नजरेला तोड नव्हती. पायांना मात्र ब्रेक नव्हता. डबा ढवळतानाही तो दुकानभर हिंडायचा आणि मागोमाग फरशीवर थेंबांची रांग जायची.

अशा माणसाच्या घरी वाघमासा आला, हीच मुळात गंमत.

मासा घड्याळवाल्या काकांचा, त्यांच्या दुकानातल्या काचेच्या टाकीतला. वीतभर लांब, सोनेरी पिवळा, अंगावर रुंद काळे पट्टे. जिवंत कोळंबी एका घासात गिळणारा आणि आता शोधूनही सहसा न मिळणारा. त्याच्या रंगाची एक तऱ्हा होती. निवांत असला की पिवळा फुलायचा. बिथरला की काळा पसरत जाऊन सगळं अंग काजळायचं. जेवणाच्या सुट्टीत भिंगरी रोज तो पिवळा बघायला जायचा, पण रस्त्यापलीकडून. ‘तू तिथूनच बघ,’ असं काकांनी बजावलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि थांबून विचारणं भिंगरीच्या स्वभावात नव्हतं. तसला पिवळा त्याला एकाही डब्यात जमला नव्हता. त्या पिवळ्याने त्याला अक्षरशः वेड लावलं होतं.

काका आता मुलीकडे राहायला निघाले होते आणि तिच्या घरात एवढी टाकी मावणार नव्हती. भिंगरीने मासा मागून घेतला.

‘पंधरा दिवस ठेव,’ काका म्हणाले. ‘जायच्या आधी रविवारी येऊन बघतो. रंगात असला तर तुझा. काळा असला तर दुसरं घर शोधेन. जीव आहे तो, शोभेची वस्तू नाही.’

मासा घरी आला तो काळाच. पहिले दोन दिवस भिंगरीने प्रवासाच्या शिणावर ढकलले. तिसऱ्या दिवशी त्याच्यातला रंगवाला जागा झाला. टाकीमागचा काळा कागद काढून निळा लावला, निळा काढून पांढरा. दिवा बदलला. दगड उजवीकडून डावीकडे नेला, मग परत उजवीकडे. कामावरून आला की बूट न काढता टाकीपाशी, चहाचा कप घेऊन टाकीपाशी, दात घासताना टाकीपाशी. मासा कोपऱ्यात तोंड घालून बसायचा, कोळशासारखा.

‘अहो, दुपारी चांगला पिवळा असतो की तो,’ बायको म्हणाली.

‘तुला पिवळा आणि पिवळट यातला फरक तरी कळतो का?’

ती विणकाम घेऊन आतल्या खोलीत गेली.

शनिवारी भिंगरी जवळचं बघायचा चष्मा घरी विसरला. आता चष्म्याशिवाय छटा कसली जुळणार? भर दुपारी तो घरी परतला. दाराशेजारची खिडकी उघडी होती. खिशात किल्ली चाचपता चाचपता त्याने सहज आत पाहिलं आणि जागीच थिजला.

मासा टाकीच्या मधोमध संथ तरंगत होता. पिवळाधमक. पट्टे रेखून काढल्यासारखे. टाकीला लागून खुर्चीवर बायको विणत बसली होती आणि गुणगुणत होती. लग्नाच्या नवलाईत ती अशी गायची. हे गाणं घरात अजून आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

भिंगरीला कुठला धीर? त्याने घाईघाईने किल्ली फिरवली. कुलूप खटकलं तसा मासा उसळून कोपऱ्यात गेला आणि बघता बघता काळा झाला. गाणंही थांबलं.

‘काय राहिलं?’ बायकोने सुया आवरत विचारलं.

‘चष्मा,’ तो म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कागद, दिवा, दगड, सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. स्वतःकडे बघायचं तेवढं राहिलं होतं. संध्याकाळी तो टाकीकडे फिरकला नाही. बायकोने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी सकाळी तो म्हणाला, ‘काका आले की तूच दाखव. मी जिन्यात थांबतो.’

‘तुम्ही? थांबता?’

तो खरोखरच जाऊन पायरीवर बसला. काका आले, त्याच्याकडे एकवार बघून आत गेले. दार लोटलं गेलं. उठावं, फटीतून बघावं, निदान एक मजला उतरून यावं असं पायांना होत होतं. त्याने कठडा घट्ट धरून ठेवला. मग काकांचा आवाज आला, ‘वा! माझ्याकडे होता तस्साच. आणि हा अजून बसलाय बाहेर?’

‘पाऊण तास झाला. तुमच्या आधीपासून,’ बायको म्हणाली.

काका खदखदून हसले. ‘मग राहू दे मासा इथेच.’

ते गेल्यावर बायकोने दार उघडं धरलं. ‘या. पण हळू.’

भिंगरीने बूट बाहेर काढले आणि दारालगतच्या स्टुलावर बसला. माशाचे पट्टे थोडे रुंदावले, पाठीवर सावळी झाक आली. एरवी तो उठून जवळ गेला असता. गुडघा हलायला लागला, तो त्याने दोन्ही हातांनी दाबून धरला. माशाने एक फेरी मारली, दुसरी मारली. काळा तिथेच अडला, पिवळा राहिला.

बायकोने सुया हातात घेतल्या. गुणगुणणं मात्र सुरू झालं नव्हतं. भिंगरी गुडघा धरून त्याचीच वाट बघत बसला.