गेणूआबाचे दोन शिक्के

आमच्या आणि गेणूआबाच्या घरात एकच भिंत. तीही अशी, की पलीकडं कुणी शिंकलं तर अलीकडं आपण पदरानं तोंड पुसावं. त्यामुळं त्यांचं भांडण ऐकायला मला कधी कान लावावा लागला नाही. मी नवी नवरी असताना एका सकाळी त्याची बायको म्हाळसाकाकी आबावर करवादत होती.

"एक बोकड दोघास्नी कबूल केलात? एकच हाय त्यो! का पोटात दुसरा हाय?"

"आगं, दोघंबी दारात आलं. चहा घेऊन बसलं. न्हाय कसं म्हणू?"

"तोंडानं! 'न्हाय' म्हणायला काय लाकडं फोडाय लागत्यात?"

शेवटी आबानं पाव्हण्याकडून दुसरा बोकड मागून आणला, तेव्हा ते भांडण मिटलं. माणूस असा. मेंढरं कधीच गेली होती, राहिली दोन एकर जमीन, चार शेळ्या आणि कानापर्यंत पोचलेल्या मिशा. मिशांना रोज तेल. काकीच्या केसांना मिळायचं नाही एवढं.

आमची वाडी अंथुर्ण्याजवळ. तिथं दादासो आणि विजयसिंह यांची घरं रस्त्याच्या दोन अंगांना, तोंडाला तोंड. शेळी व्याली की आबा चिकाचे दोन तांबे घेऊन निघायचा. आधी कुणाकडं जावं हे त्याला ठरवता यायचं नाही, म्हणून बरोबर रस्त्याच्या मधोमध उभा राहायचा आणि मान दोन्हीकडं फिरवत ओरडायचा, "या रं, चीक आणलाय!" दोघं दोन दारांतून यायचे, दोन तांबे एकदम घ्यायचे. मग आबा घरी.

सत्त्याण्णव साली हेच दोघं पंचायतीला समोरासमोर उभे राहिले. दादासोची निशाणी कपबशी, विजयसिंहाची छत्री. दादासो म्हणाला, नळ आणतो. विजयसिंह म्हणाला, रस्ता करतो. झालं, वाडीला काम लागलं. हिंदुरावानं नळ धरला, कारण रस्ता झाला तर जावई सारखा येऊन बसंल. सुकन्याचं मत छत्रीला, कारण तिची सासू कपबशीची. मी कुणाला दिलं ते विचारू नका. पण छत्री छापली होती छान.

आमच्याकडं माणसाच्या तोंडावर कुणी विश्वास ठेवत नाही, बेलभंडारा उचलायला लावतात. बिरोबाच्या देवळात हातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन शब्द द्यायचा. तो मोडला तर देव बघून घेतो. दादासोनं आबाला सकाळी देवळात नेलं. विजयसिंहानं सांजंला.

भिंत बोलायला लागली.

"सकाळी कपबशी, सांजंला छत्री! दोन येळा भंडारा उचलला? आता एक तरी खोटा व्हणारच की!"

"मिशा गळत्याल," आबाचा आवाज शेळीसारखा झाला होता. "आमच्या चुलत्याच्या गळल्या व्हत्या. भंडारा मोडला आन् म्हयन्यात ओठ साफ."

"गळू द्या. तेल तरी वाचंल."

मतदानाच्या दिवशी आबा पडलेल्या तोंडानं शाळेतल्या मतदानाच्या खोलीत गेला आणि मिशीला पीळ देत बाहेर आला.

"काय आबा, कुणाला?" दादासोनं विचारलं.

"शब्द पाळला," आबा म्हणाला. दादासोनं मिठी मारली. पलीकडं विजयसिंहानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. त्यानंही मिठी मारली.

मोजणी शाळेतच होती. आम्ही बायका खिडकीला लोंबकळलो होतो. मोजून झालं, तर दोघांची मतं सारखी! पुन्हा मोजलं, तरी सारखी. मोजणीच्या साहेबांनी एक कागद वर धरला. "हे मत बाद. दोन शिक्के आहेत." कपबशीवर एक फुली, छत्रीवर एक फुली, आणि दोन्हींच्या कपाळी भंडाऱ्याचं पिवळं बोट. शिक्का मारायच्या आधी आबानं दोघांची पूजा केली होती.

सगळ्या माना आबाच्या हाताकडं वळल्या. बोटं अजून पिवळी.

"आबा!" दादासो ओरडला. "भंडारा उचलला व्हता तुमी!"

"मग? कपबशीवर शिक्का हाय का न्हाय?"

"आन् छत्रीवरचा ओ?" विजयसिंह.

"त्यो तुझा. दोघांचाबी नीट उठलाय बघ."

साहेब हसू दाबायला पाणी प्याले आणि म्हणाले, चिठ्ठी काढायला लागणार. पण काढणार कोण? एकाच्या माणसावर दुसऱ्याचा भरोसा नाही. शेवटी दोघंच म्हणाले, "आबास्नी काढू द्या. ते दोघांचंबी हायती."

आबाचं तोंड मिशीसारखं पांढरं पडलं. डब्यात हात घातला, ढवळला, ढवळला, आणि मूठ बाहेर काढली. मुठीत दोन्ही चिठ्ठ्या. साहेबांनी परत टाकायला लावल्या. पुन्हा मूठ. पुन्हा दोन्ही.

"सायेब," आबा रडकुंडीला येऊन म्हणाला, "दुसरं काय बी काम सांगा."

तेवढ्यात खिडकीच्या गजातून माझ्या नाकाजवळून एक हात आत गेला. म्हाळसाकाकीचा. "आणा त्यो डबा हिकडं! त्या बोकडाच्या येळंलाच मी निकाल लावला असता, तर ही पाळी आली नसती!"

तिनं एक चिठ्ठी उचलली. दादासोचं नाव निघालं.

आबा गुलालात नाचला, आणि तसाच लाल तोंडानं विजयसिंहाच्या घरी जाऊन त्याच्या ताटाशेजारी बसला, कारण विजयसिंह जेवत नव्हता. मिशा जागच्या जागी राहिल्या. आरशात बघून बघून त्यानं खात्री केली.

पण त्या दोघांनी बोलणं टाकलं. एक दारात आला की दुसरा दार लावायचा. नळ आला नाही, रस्ताही झाला नाही. फक्त शेळी व्याली आणि आबानं हाक मारली, की दोन्ही दारं उघडायची. चिकापुढं कुणाचं काय चालतंय!

आबा गेला त्याच्या आदल्या दिवशी शेळी व्याली होती. पायावर सूज, दम लागलेला. काकी म्हणाली, "द्या हिकडं, मी देऊन येती."

"न्हाय," आबा म्हणाला.

आबानं कुणाला 'न्हाय' म्हटलेलं त्या भिंतीतून मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणून दारात जाऊन उभी राहिले. आबा दोन तांबे घेऊन, थांबत थांबत रस्त्याच्या मधोमध पोचला. आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, आणि हाक मारली, "या रं, चीक आणलाय!"

दोघं आले. एकदमच.