शेऱ्याची जागा

पप्पांची वही आता माझ्याकडे नाही. तिच्या एका पानाची झेरॉक्स आहे. हे लिहावं की नाही, हेच मला बरेच दिवस कळत नव्हतं.

पप्पा मूळचे नांदेडकडचे. हैदराबादला आधी गॅरेजमध्ये होते, मग शहराबाहेरच्या एका लहान फ्लाइंग क्लबात मेकॅनिक झाले. क्लबाकडे एक जायरोकॉप्टर होतं, दोन जणांपुरतं, उघडं. लोक त्याला हेलिकॉप्टर म्हणायचे आणि पप्पा प्रत्येकाला थांबवायचे. "नाही. ह्याचा वरचा पंखा इंजिन फिरवत नाही. इंजिन मागून ढकलतं, अन् पंखा वाऱ्यानं फिरतो." नल्लकुंट्याच्या आमच्या घरात टेबलफॅन बंद करून ते पात्यांवर फुंकर मारून दाखवायचे. पातं हलायचंच नाही. "जास्त वारा लागतो," म्हणायचे, आणि पुन्हा फुंकायचे.

उड्डाणाआधीच्या तपासणीचा रोज एक इंग्रजी फॉर्म भरावा लागे. पप्पा सातवीपर्यंत शिकलेले, तेही मराठीतून. ते आपल्या वहीत मराठीत लिहून ठेवत, क्लबातल्या क्लार्कला हिंदीत सांगत, आणि त्यानं भरलेल्या फॉर्मखाली सही करत. मग राज्याचे दोन भाग करायचं ठरलं. क्लार्क गुंटूरकडचा, गाव दुसऱ्या राज्यात जाणार म्हणून तो घर आवरून तिकडे गेला. दुसरा माणूस लवकर मिळेना, म्हणून पप्पा कोरे फॉर्म घरी आणू लागले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. विद्यानगरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते.

रविवारी सकाळी आम्ही बसायचो. पप्पा चष्मा लावून वहीतून वाचायचे, मी आठवडाभराच्या फॉर्मांतल्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करायचे. आई चहा ठेवताना म्हणायची, "उघडलं का बापलेकीचं ऑफिस?" मला त्या सकाळी फार आवडायच्या. आपलं शिकणं घरात कुणाच्या कामी येतंय, असं वाटायचं.

त्या रविवारी मात्र मला घाई होती. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. पप्पांनी वाचलं, "वरच्या पंख्याला बारीक कंप. साहेबांना सांगितले."

"हे कुठं लिहू? इथं फक्त ठीक आहे का नाही, एवढंच आहे."

"खाली शेऱ्याची जागा आहे ना?"

"तिथं क्लार्क अंकल नेहमी 'निल' लिहायचे, म्हणजे काही नाही. जुने फॉर्म बघा. तसंच लिहायचं असतं."

वहीतल्या ओळीवर पप्पांचा अंगठा होता. "बरं," म्हणाले. "तू शिकलेली. साहेबांना मी सांगितलंयच."

मी 'निल' लिहिलं. व्हायब्रेशन हा शब्द मला येत होता. एका ओळीचं काम होतं.

चार दिवसांनी, तो कंप वर जाऊन बघू म्हणून, वैमानिक साहेबांनी पप्पांना शेजारी बसवून नेलं. धावपट्टीपलीकडच्या शेतात ते पडले. दोघंही गेले.

चौकशीसाठी दोन अधिकारी आले. वरच्या पंख्याच्या बुडाशी एका बोल्टला चीर सापडली. ती अगोदरच दिसायला हवी होती, असं क्लबातले लोक म्हणू लागले. मेकॅनिकनं तर सगळं ठीक लिहिलंय. हे आमच्या घरापर्यंत आलं. आई म्हणाली, "यांनी बघितलंच नाही म्हणत्यात. शेजाऱ्याची सायकल दिली तरी दोनदा नट बघणारा माणूस." मग माझ्याकडे बघून, "खरंच नसंल बघितलं का गं?"

वही माझ्याच कपाटात होती.

काकांना मी सांगितलं, तर ते म्हणाले, "बेटा, चुप बैस. फॉर्मवर अक्षर तुझं. कागदात नाव आलं तर नोकरी कोण देणार? गेलेला माणूस गेला. नक्को हे लफडं."

काकांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना माझी काळजी होती. पण आईचा प्रश्न तसाच राहिला असता.

मी क्लबात गेले. त्या दोघांतल्या मोठ्या अधिकाऱ्यांनी फॉर्म पुढे केला. "ही सही वडिलांची?"

"सही त्यांची. अक्षर माझं."

मी वही उघडून ठेवली. त्यांनी वाचायला सांगितलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी मी घरात फक्त बोलायचे. एकेक अक्षर लावत ती ओळ वाचली आणि हिंदीत सांगितली. माझा आवाज मला परका वाटत होता. ते वाक्य मी पप्पांच्याच आवाजात ऐकलेलं होतं.

"मग 'निल' कसं?"

मी सगळं सांगितलं. क्लार्क, जुने फॉर्म, परीक्षा. ते रागावले नाहीत. "हे काम तुमच्याकडे यायलाच नको होतं," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं.

बऱ्याच महिन्यांनी अहवाल आला. मी तो आईला मराठीत सांगितला: मेकॅनिकला कंप वेळेवर कळला होता आणि त्यानं वैमानिकाला तोंडी सांगितलं होतं, नोंद मात्र झाली नाही, ती ज्या मुलीनं फॉर्म भरला तिच्या हातून राहिली.

आई म्हणाली, "पहिलं अर्ध परत वाच."

मी परत वाचलं. नंतरही ती अधूनमधून तेवढंच वाचायला सांगायची.

वही पुरावा म्हणून ठेवून घेतली होती. मागायला गेले तेव्हा दोन राज्यांत कार्यालयांची वाटणी चालू होती, फायली गाठोड्यांत बांधलेल्या. "नंतर या," म्हणाले. तीनदा गेले. शेवटी एका बाईंनी फायलीतली त्या पानाची झेरॉक्स काढून दिली. पप्पांच्या ऑइल लागलेल्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर काळा उमटला आहे.

आता मी मराठी बरं वाचते. पण त्या वहीतलं एवढं एकच पान मी स्वतः वाचलं. बाकीची वही कधी उघडून बघितली नाही. गरज वाटली नाही. रविवारी पप्पा वाचून दाखवायचेच.